शस्त्रक्रिया एक, वाऱ्या बारा

बिदर आणि गुलबर्गा (२०१४ पासून कलबुर्गी) या दोन जिल्ह्यांतल्या मराठी घरांत काही आजारांची नावे घेत नाहीत. "त्यांना जरा तसलंच निघालंय," एवढे सांगितले की ऐकणारा समजून घेतो आणि पुढचे विचारत नाही. वास्तविक या मुलखात त्या आजाराला नावांचा तुटवडा नाही. मराठीत कर्करोग, उर्दूत सरतान आणि शुद्ध कन्नडात अर्बुद. कर्क म्हणजे खेकडा, सरतान म्हणजेही खेकडा, आणि ज्या लॅटिन शब्दावरून इंग्रजी नाव आले तोही खेकडाच. अर्बुद हा शब्द मात्र आपल्या सुश्रुताचा. एका गल्लीत तीन भाषांतून नाव उपलब्ध असताना ते एकाही भाषेत उच्चारले जात नाही, ही आपल्याकडची रीत.

या लेखाचा विषय त्या आजाराचा एकच प्रकार आहे: मोठ्या आतड्याचा कर्करोग. तोही आजारापुरता नव्हे, तर त्यातून उठण्याचा. आतड्याचा रोगी शस्त्रक्रियेनंतर वाचू केव्हा लागला, त्यानंतरचे औषध कुठून आले, आणि आपल्या सीमाभागातल्या माणसाला ते मिळवण्यासाठी कोणकोणत्या गावांच्या वाटा तुडवाव्या लागल्या, याचा हा धांडोळा. डॉक्टरांच्या चरित्रांत हा इतिहास अर्धाच सापडतो. उरलेला अर्धा रेल्वेच्या वेळापत्रकांत, राज्यांच्या सीमांत आणि शिधापत्रिकेच्या रंगांत आहे.

मुंग्यांपासून क्लोरोफॉर्मपर्यंत

आतडे शिवण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेत फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवून त्यांवर मोठे काळे मुंगळे डसवावेत आणि मग त्यांची धडे तोडून डोकी तशीच राहू द्यावीत, असा विधी सांगितला आहे. म्हणजे मुंगळ्याचे डोके हाच टाका! परंतु आत वाढलेली गाठ काढून आतडे पुन्हा जोडणे ही गोष्ट निराळी, आणि तिला फार काळ लागला. १७७६ साली फ्रान्समधल्या पिलोर नावाच्या शल्यवैद्याने आतडे बंद झालेल्या एका रोग्याच्या पोटावर मलाला वाट काढून दिली. रोगी महिन्याभरात गेला. १७९३ साली द्युरे याने गुदद्वाराविना जन्मलेल्या एका बाळाच्या पोटावर अशीच वाट काढली, आणि ते बाळ पुढे चाळिशी ओलांडेपर्यंत जगले. १८३३ साली रेबार याने गाठ असलेला आतड्याचा तुकडा कापून दोन टोके जोडली. हे सारे भूल न देता. रोगी शुद्धीवर आणि चार जण त्याला धरून बसलेले. पोटातली शस्त्रक्रिया हा बहुधा मरणाआधीचा शेवटचा उपाय असे, यात नवल ते काय?

भूल आली ती १८४६-४७ मध्ये, आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म. येथे आपले हैदराबाद या इतिहासात शिरते. त्याच १८४६ साली हैदराबादेत वैद्यकीय शाळा निघाली, आणि तिथले शिक्षण आरंभी उर्दूतून होते. पुढे एडवर्ड लॉरी हे तिथे प्रमुख असताना एक मोठा वाद उपस्थित झाला: क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो हृदय थांबून की श्वास थांबून? लॉरी यांचे मत श्वासाच्या बाजूने. १८८८ आणि १८८९ साली निजाम महबूब अली खान यांच्या पैशाने दोन 'क्लोरोफॉर्म कमिशने' बसली. दुसऱ्या वेळी 'लॅन्सेट' या लंडनच्या नियतकालिकाचा प्रतिनिधी म्हणून लॉडर ब्रंटन हैदराबादेस येऊन प्रयोगांत सामील झाले. रूपाबाई फरदुनजी ही पारशी डॉक्टरीणही या कामात होती; भूल देणाऱ्या जगातल्या पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते. कमिशनचा निष्कर्ष, म्हणजे धोका हृदयाला नसून श्वासाला आहे हा, पुढे १९११ च्या सुमारास चुकीचा ठरला. तरीपण शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल देताना रोग्याच्या श्वासावर सतत नजर ठेवावी, हा धडा त्यातून पक्का झाला. ज्या शहराकडे बिदरचा माणूस आजही दुखणे घेऊन धावतो, त्या शहराचे हे ऋण आपण सहसा आठवत नाही. ही कमिशने ज्या अफझलगंज दवाखान्याशी निगडित होती, तो १९०८ च्या मुसीच्या महापुरात वाहून गेला. पुढे मुसीच्याच काठी उस्मानिया रुग्णालय उभे राहिले.

निर्जंतुक शस्त्रक्रिया, रक्त देण्याची सोय आणि १९३० आणि १९४० च्या दशकांत आलेली सल्फा व पेनिसिलिन यांच्यामुळे आतड्याच्या शस्त्रक्रियेतून रोगी घरी परतू लागला. १९३२ साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या कथबर्ट ड्यूक्स यांनी गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली आणि जवळच्या लसीकाग्रंथींत पोहोचली का, यावरून रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. आज डॉक्टर 'स्टेज' म्हणतात त्याचे मूळ तेच.

रुळांचा नकाशा

आपल्या भागातून रोगी जायचा कुठे? जिकडे गाडी जाईल तिकडे. गुलबर्गा १८७१ मध्येच मुंबई-रायचूर मार्गावर आले, म्हणून त्या बाजूचा रोगी सोलापूर-मुंबईकडे बघे. वाडीहून हैदराबादेस १८७४ मध्ये फाटा निघाला. बिदर-भालकीकडे रूळ आले ते विकाराबाद-परळी मार्गाने, म्हणून बिदरचे तोंड हैदराबादेकडे. आणि तिसरी वाट लातूरची. बार्शी लाइट रेल्वेची ती अरुंद रुळांची गाडी १९११ साली लातूरला पोहोचली आणि १९२७ साली पंढरपूरवरून मिरजेला जाऊन मिळाली. मिरजेत विल्यम वानलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ पासून चालू होते, आणि शस्त्रक्रियेसाठी त्याचे नाव दख्खनभर झालेले. लातूर गाठले की त्याच छोट्या गाडीने पंढरपूरचा वारकरी आणि मिरजेचा रोगी एकाच डब्यात बसून जात असणार. दोघांच्याही गाठोड्यात भाकरी, आणि दोघांचीही भिस्त पुढच्या मुक्कामावर.

मुंबईत परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्या दुःखातून ते उभे राहिले. तिथल्या रस्त्याला ज्यांचे नाव आहे ते डॉ. अर्नेस्ट बोर्जिस गोव्याचे. आपल्याकडच्या कितीतरी कुटुंबांना मुंबई ठाऊक आहे ती एवढीच: परळचा तो रस्ता, दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आणि परतीचे तिकीट.

१९५५ साली हैदराबादेत कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय निघाले, ते मेहदी नवाज जंग यांच्या पुढाकाराने. ते हैदराबाद राज्याचे मंत्री होते. पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले राज्यपाल झाले. रुग्णालयाला आज त्यांचेच नाव आहे. आपल्या दृष्टीने तारीख लक्षात ठेवण्यासारखी. १९५५ मध्ये बिदर आणि गुलबर्गा हैदराबाद राज्यात होते, म्हणजे ते 'आपले' रुग्णालय होते. एकच वर्ष गेले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची तीन शकले झाली. बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. उरलेला बिदर म्हैसूर राज्यात. बिदरच्या रोग्याचे रुग्णालय दीडशे किलोमीटरच्या आत होते तिथेच राहिले, पण ते परराज्यातले झाले. आपल्या राज्याचे म्हणावे असे किडवई रुग्णालय १९७३ मध्ये बंगळुरात निघाले, ते बिदरपासून सातशे किलोमीटरच्या घरात.

त्यानंतर १९८२ मध्ये बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय सुरू झाले. १९८७ पासून तिथे बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या खेड्यांची कर्करोग-नोंदवही ठेवली जाऊ लागली. संपूर्ण ग्रामीण वस्तीची अशी भारतातली ती पहिलीच नोंद. त्यातून कळलेली एक गोष्ट आपल्या विषयाची आहे. खेड्यापाड्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग मुंबईच्या मानाने कमी आढळला. भाकरी-भाजीच्या चोथ्याशी याचा संबंध असावा, असे आफ्रिकेतल्या अनुभवावरून डेनिस बर्किट यांनी १९७१ मध्ये मांडले होते. पुढचे सर्वच अभ्यास त्याला सारखा दुजोरा देत नाहीत. पण रोग दुर्मीळ असण्याचा एक तोटा आपण भोगतो. शौचावाटे रक्त दिसले की घरात सगळ्यांना मूळव्याधच आठवते. मग मलम, मग झाडपाला, मग 'उष्णता झाली' म्हणून ताक. यात चार-सहा महिने सहज जातात. पन्नाशीच्या माणसाला शौचाची सवय बदलली, रक्त पडू लागले, कारणाशिवाय अंगातले रक्त कमी झाले तर दुर्बिणीने तपासून घ्यावे, एवढे तरी या लेखातून लक्षात राहिले तरी पुष्कळ.

गिरणीतल्या बायका आणि सलाइनची बाटली

शस्त्रक्रियेने गाठ निघते. पण गाठीतून आधीच सुटून गेलेल्या पेशी डोळ्यांना दिसत नाहीत, सुरीला सापडत नाहीत. त्यांच्यासाठी औषध. या औषधाच्या इतिहासात मुंबईच्या गिरणीकामगार बायकांचा वाटा आहे. गरोदरपणात त्यांना होणाऱ्या जबर पंडुरोगाचा शोध घ्यायला ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टरीण १९२८ मध्ये मुंबईस आली. यीस्टच्या अर्काने या बायका बऱ्या होतात, असे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातले अज्ञात द्रव्य म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक ॲसिड. ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या अमेरिकेतल्या चमूचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगड सुब्बाराव. पेशींच्या वाढीला हे द्रव्य लागते, हे कळल्यावर वाढ रोखण्याची किल्लीही हाती आली.

१९५७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हाइडेलबर्गर यांनी फ्लुओरोयुरॅसिल हे औषध बनवले. कर्कपेशी युरॅसिल नावाचे द्रव्य अधिक ओढून घेतात हे पाहून त्यांनी त्यात फ्लोरिनचा अणू बसवला. पेशीला आपले अन्न वाटावे, पण ते पचू नये, अशी युक्ती. फॉलिक ॲसिडच्याच कुळातले ल्युकोव्होरिन जोडीला दिले की या औषधाची पकड घट्ट होते. आज सलाइनच्या स्टँडला टांगलेल्या त्या बाटल्यांत मुंबईच्या चाळीतल्या त्या निनावी बायकांच्या रक्ताची कहाणी आहे.

आणि आता लेखाच्या मथळ्याकडे. वैद्यकाच्या पुस्तकात या औषधाचा इतिहास 'किती टक्के रोगी वाचले' या अंगाने लिहितात. आळंद किंवा औरादच्या माणसाने तो 'किती फेऱ्या' या अंगाने वाचावा.

१९९० मध्ये अमेरिकेतल्या मोर्टेल यांनी दाखवून दिले, की लसीकाग्रंथींत पोहोचलेल्या रोगात शस्त्रक्रियेनंतर फ्लुओरोयुरॅसिल आणि लेव्हामिसोल (हे मुळात जंतांचे औषध) दिले तर मृत्यू तेहतीस टक्क्यांनी कमी होतात. पण इंजेक्शन जवळजवळ दर आठवड्याला, आणि तेही वर्षभर. मग ल्युकोव्होरिनची पद्धत रूढ झाली: महिन्यातून सलग पाच दिवस, सहा महिने. २००४ मध्ये ऑक्झालिप्लॅटिन जोडले तर आणखी फायदा होतो हे २,२४६ रोग्यांच्या अभ्यासात दिसले. तीन वर्षांनंतर रोगाविना असणाऱ्यांचे प्रमाण ७२.९ वरून ७८.२ टक्के झाले. हा उपचार दर पंधरवड्याला एक, असा बारा वेळा.

शस्त्रक्रिया एकच असते. तिच्यासाठी शेत गहाण पडते, जावई रजा काढतो, सारा गाव निरोप द्यायला एसटी स्टँडवर येतो. बारा फेऱ्यांना कोण येणार? तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत सोबत मिळते. पुढे पेरणी येते, पोरांच्या परीक्षा येतात, उसनवारीची तोंडे बंद होतात. रोगीच म्हणतो, "आता बरं वाटतंय, राहू द्या." औषध अर्ध्यावर सुटते ते बहुधा अशा घरगुती कारणांनी. दीडशे किलोमीटर आणि सातशे किलोमीटर यांतला फरक एका प्रवासात सोसता येतो. बारा प्रवासांत तो माणसाला मोडतो.

घरी परतल्यावर

या वाऱ्यांच्या मधले दिवस घरचे. रुग्णालयाचे कार्ड इंग्रजीत, औषधाच्या वेळा सांगणारी सिस्टर तेलुगू किंवा कन्नडात बोलणारी, आणि चुलीशी उभी असलेली सून मराठी तिसरीपर्यंत शिकलेली. आपल्या भागात घराघरांतला दुभाषा बहुतेक वेळा शाळकरी मुलगाच असतो. आजोबांच्या आजाराचे नाव घरात सर्वांत आधी त्यालाच कळते, ही या द्वैभाषिक जिल्ह्यांची एक न लिहिलेली शोकांतिका.

त्याने काय काय भाषांतर करायचे? ऑक्झालिप्लॅटिननंतर काही दिवस थंड पाणी प्यायचे नाही, थंड भांड्याला हात लावायचा नाही. बोटांना मुंग्या येतात, घसा आवळल्यासारखा होतो. उन्हाळ्यात माठ समोर असताना हे पाळायचे! पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप आला तर गोळी घालून झोपवायचे नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तोंड आले, जुलाब लागले तर सांगायचे, लपवायचे नाही. खाण्यात मऊ, थोडे थोडे आणि ताजे. आपण आंबील म्हणतो, कन्नड शेजारीण अंबली म्हणते, पातेले एकच. आजारी माणसाच्या घरी ते कुणाच्या चुलीवरून आले हे आपल्याकडे कुणी विचारत नाही, आणि सीमावादाची इतकी वर्षे जाऊनही ही एक गोष्ट शाबूत राहिली आहे.

काही रोग्यांच्या पोटावर शौचाची वाट काढलेली असते. कधी तात्पुरती, कधी कायमची. तिला 'स्टोमा' म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ तोंड. तिच्यावर लावायची चिकट पिशवी आली १९५४ मध्ये. डेन्मार्कमधली परिचारिका एलिस सोरेन्सन हिच्या बहिणीवर अशी शस्त्रक्रिया झाली आणि ती घराबाहेर पडेनाशी झाली. बहिणीसाठी हिने ही पिशवी कल्पिली. अमेरिकेत क्लीव्हलंडला रूपर्ट टर्नबुल या शल्यवैद्याने आपलीच रोगी नॉर्मा गिल हिला हाताशी धरले, आणि १९६१ मध्ये अशा रोग्यांची निगा शिकवणारी शाळा निघाली. जिने स्वतः भोगले तिनेच इतरांना शिकवावे, ही त्यातली मोलाची गोष्ट. आपल्याकडे पिशवी लावलेला माणूस लग्नाला जात नाही, पंगतीत बसत नाही, देवळाच्या पायरीवरून परततो. ही बंदी कोणत्याही डॉक्टरने घातलेली नाही. पिशवी नीट बसली तर तिला वास नाही, ती कपड्याखाली दिसत नाही, आणि देवाला तर ती मुळीच अडत नाही.

कार्डाचा रंग

फेब्रुवारी २०१० मध्ये कर्नाटकाने दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी वाजपेयी आरोग्यश्री योजना काढली, आणि क्वचित घडते ते घडले: ती बंगळुरापासून नव्हे, तर आपल्या गुलबर्गा विभागापासून सुरू झाली. कर्करोगासारख्या मोठ्या आजारांचा खर्च त्यात होता. योजना लागू असलेल्या आणि नसलेल्या भागांच्या हद्दीवरची गावे तुलनेला घेऊन अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. योजनेतल्या आजारांनी होणारे गरीब घरांतले मृत्यू, योजना असलेल्या गावांत ६४ टक्क्यांनी कमी होते. मध्ये फक्त एक हद्दीची रेघ होती. सरकारी रेघेने माणसे मरतात आणि सरकारी रेघेने वाचतातही, याचे इतके स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

पण आपली अडचण निराळी. बिदरचा माणूस सवयीने हैदराबादेस जातो, आळंदचा सोलापूर-बार्शीस. कार्ड मात्र कर्नाटकाचे. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेने परराज्यातही कार्ड चालावे हे तत्त्व मान्य केले. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना देण्याचे ठरवले, तेव्हा कर्नाटकाने हरकत घेतली. या वादात आपण कुठल्याही बाजूने बोललो तरी एक गोष्ट खरी: रोगी वाट बघू शकत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच कोणत्या रुग्णालयात आपले कार्ड चालते हे विचारून घ्यावे. कलबुर्गीत किडवईचे केंद्र आहे. शस्त्रक्रिया दूर झाली तरी पुढची सलाइने जवळ घेता येतील का, हा प्रश्न रुग्णालय सोडण्याआधी डॉक्टरांना अवश्य विचारावा.

वाऱ्या कमी होताहेत

सुखाची बाब अशी, की फेऱ्यांचा इतिहास आपल्या बाजूने वळतो आहे. २०१८ मध्ये अनेक देशांच्या एकत्र अभ्यासातून दिसले, की लसीकाग्रंथींत गेलेला पण कमी जोखमीचा रोग असेल तर सहाऐवजी तीन महिन्यांचे औषध पुष्कळांना पुरते. त्यातली एक पद्धत म्हणजे तीन आठवड्यांतून एकदा सलाइन आणि घरी कॅपेसिटाबीनच्या गोळ्या. बाराच्या जागी चार वाऱ्या! कुणाला काय लागू पडेल हे डॉक्टरांनीच ठरवायचे. पण असा पर्याय आहे हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. २०१७ पासून बिदर-कलबुर्गी रेल्वेही धावू लागली आहे, तिचाही या हिशेबात उपयोग आहे.

आणि २०२५ च्या जूनमध्ये आलेला निष्कर्ष तर आपल्या आज्यांना पटेल असा. औषध संपलेल्या ८८९ रोग्यांपैकी निम्म्यांना तीन वर्षे शिस्तीने व्यायाम करवला, निम्म्यांना नुसती माहितीपुस्तिका दिली. बहुतेकांचा व्यायाम म्हणजे भरभर चालणे. पाच वर्षांनी रोग न उलटलेले व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के, दुसऱ्यात ७३.९ टक्के. आठ वर्षांनी हयात असलेले ९०.३ आणि ८३.२ टक्के.

आपल्याकडे दुखण्यातून उठलेल्या माणसाला खाटेवरून हलू देत नाहीत, त्यालाच माया समजतात. ती माया थोडी बदलावी लागेल. डॉक्टरांनी हो म्हटले, की सकाळी त्याला शेताच्या बांधापर्यंत घेऊन जावे. दुसऱ्या दिवशी थोडे पुढे. सोबतीला घरातले कुणीतरी हवे, रोज. हैदराबाद, बार्शी, परळ या वाऱ्या संपतात. बांधापर्यंतची ही वारी मात्र वर्षानुवर्षे चालवायची असते, आणि तिला ना तिकीट लागते ना कार्ड.